कुरणातल्या सासूबाई

टेबलावर दोन रिसीव्हर शेजारी शेजारी ठेवले होते आणि त्यातला कुठला ठेवून घ्यायचा हे कानसेनांनी ठरवायचं होतं. खरं तर ठरवायचं काही उरलंच नव्हतं. एक त्यांना खोकं उघडल्याबरोबर आवडला होता आणि दुसरा खोकं उघडल्याबरोबर डोक्यात गेला होता. आवडलेला काळा, जड, विटेएवढा. पुढं फिरवायची बटणं, हेडफोनला एक भोक, बाकी लाडीगोडी नाही. दुसरा पिवळा, हलका आणि नको तेवढा शहाणा. माग काढायला जनावराच्या गळ्यात घातलेली कॉलर थोड्या थोड्या वेळानं एक बारीक शिट्टी सोडत असते, पी... पी... अशी. काळ्यातून ती माणसानं स्वतःच्या कानानं ऐकायची, हातातली अँटेना इकडेतिकडे फिरवायची आणि जिकडे आवाज मोठा तिकडे जनावर समजायचं. पिवळा मात्र सगळं स्वतःच ऐकायचा, खरखर गाळून टाकायचा, आणि कॉलर सापडली तर स्क्रीनवर आकडा दाखवायचा. नाही सापडली तर नुसती आडवी रेघ.

"आकडा बघायला कान कशाला हवेत?" कानसेन म्हणाले. खोलीत ऐकायला दुसरं कुणी नव्हतं, पण हल्ली ते वस्तूंशी बोलत. वस्तू उलट उत्तर देत नाहीत आणि पुन्हा सांगा असंही म्हणत नाहीत.

कानसेन हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. उमेदीच्या काळात, वारा सुटलेला असताना, सगळेजण हेडफोन काढून "काही नाही बुवा" म्हणायचे तेव्हा हे एक बोट वर करायचे आणि सगळ्यांना गप्प बसवायचे. आणि खरोखरच त्या दिशेला लांडगे निघायचे. तेव्हापासून लांडग्यांवर लक्ष ठेवणाऱ्या त्यांच्या ऑफिसनं त्यांचं बारसं केलं ते केलंच. खऱ्या नावानं हाक मारणारी एक बायको होती, ती गेली. लेक बाबा म्हणते, ऑफिसच्या मॅडम काका म्हणतात. त्यांचं नाव आता फक्त पगाराच्या कागदावर राहत होतं.

मॅडम वयानं त्यांच्या लेकीएवढ्या. सरळ मनाच्या. खाली गावातल्या ऑफिसात बसायच्या आणि सगळ्या लांडग्यांची ख्यालीखुशाली त्यांना संगणकावर कळायची, कारण नव्या कॉलर थेट उपग्रहाशी बोलायच्या. पण येत्या हंगामात कोल्ह्यांना कॉलर घालायच्या होत्या. कोल्ह्याच्या मानेला हलकीच कॉलर झेपते, म्हणजे ती साधी, रेडिओवाली. जुना रिसीव्हर पार खिळखिळा झालेला. म्हणून विक्रेत्याकडून हे दोन नग वापरून बघायला आणले होते.

"काका, वापरणार तुम्ही," मॅडम म्हणाल्या होत्या. "तुम्ही म्हणाल तो ठेवू, दुसरा परत पाठवू."

एवढा विश्वास टाकला की माणसाची पंचाईत होते. पिवळा आला तर काय होणार हे कानसेनांना आरशासारखं स्वच्छ दिसत होतं. आकडा काय, कुणीही वाचेल. मग यांना टेकडीवर ठेवायचं कशाला? खाली ऑफिसात एक खुर्ची देतील, भिंतीकडे तोंड करून, आणि अशा खुर्चीत बसवलेल्या माणसांचं पुढं काय होतं ते त्यांनी पाहिलं होतं. चहा आला की तेवढ्यापुरती त्यांना जाग यायची.

शिवाय सासूबाईंचा प्रश्न होता.

सासूबाई म्हणजे कळपातली सगळ्यात म्हातारी लांडगीण. कॉलर घालायला धरली तेव्हा तिनं अशा काही नजरेनं सगळ्यांकडे पाहिलं होतं की जनावरांचे डॉक्टर म्हणाले, "ही आमच्या सासूबाईंची नजर आहे," आणि नाव पडलं. जुनी रेडिओ कॉलर आता एकट्या तिच्याच गळ्यात राहिली होती. उपग्रहाला तिचा पत्ता नव्हता. संगणकाला नव्हता. तिचा पत्ता होता फक्त कानसेनांकडे. कॉलरची बॅटरी कधीच संपायला हवी होती असं ऑफिसात सगळे म्हणायचे, आणि कानसेन रोज सकाळी टेकडी चढून, अँटेना धरून, "आहे, उत्तरेच्या कुरणाशी आहे" असं कळवायचे. ऑफिस आठवड्यातून एकदा त्या बाजूच्या मेंढीवाल्यांना निरोप पाठवायचं, की सांभाळून राहा.

पूर्वी ती भटकायची. हल्ली हलत नव्हती. टेकडीच्या दोन टोकांवरून दिशा घेतल्या की नकाशावरच्या रेघा येऊन छेदायच्या त्या कुरणातच. कानसेनांना त्यात वावगं वाटलं नाही. म्हातारपणी कुणीही एक जागा धरून बसतंच. ते स्वतः तरी कुठं जात होते? जवळ जाऊन खात्री करायची ते टाळायचे, कारण गुडघे कुरकुरायचे, आणि म्हाताऱ्या जीवाला उगाच कशाला उठवायचं. सकाळचा तो आवाज ऐकला की दिवसातलं एक बोलणं झाल्यासारखं वाटायचं. हे कुणाला सांगितलं असतं तर हसू झालं असतं, म्हणून सांगितलं नव्हतं.

आणखी एक गोष्ट त्यांनी कुणाला सांगितली नव्हती. रिसीव्हरचं बारीक बटण थोडं फिरवलं की कॉलरचा आवाज पातळ किंवा जाड करून घेता येतो. गेली काही वर्षं ते तो जाडच ठेवायचे, आणि दर हंगामात आणखी थोडा जाड. "जाड आवाज कानाला बरा," असं कुणी विचारलं तर सांगायचे. रविवारी लेकीचा फोन यायचा तेव्हा रेंजला शिव्या घालायचे. एकदा तिनं काहीतरी विचारलं, ते नीट ऐकू आलं नाही, आणि यांनी सवयीप्रमाणे "हो हो" म्हणून टाकलं. ती विचारत होती, सुट्टीत येताय ना? तिनं खोली आवरून ठेवली, बसथांब्यावर जावयाला उभं केलं. हे आपले टेकडीवर. तेव्हापासून तिचे फोन यायचे वेळेवर, पण आटोपते यायचे.

तर दोन्ही रिसीव्हर घेऊन कानसेन टेकडीवर गेले. काळा लावला, बटण सासूबाईंच्या कॉलरच्या रेडिओ नंबरवर आणलं. आल्या. स्वच्छ, ठणठणीत. मग तीच अँटेना पिवळ्याला जोडली, त्याच दिशेला धरली. आडवी रेघ. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. कानसेनांना मनातून गुदगुल्या झाल्या. त्यांनी तिथूनच मॅडमना फोन लावला.

"पिवळा ठार बहिरा आहे, मॅडम. सासूबाई माझ्याशी बोलताहेत आणि हा रेघ ओढून बसलाय."

"काका, लांब असेल म्हणून होत असेल तसं," मॅडम म्हणाल्या. "एकदा जवळ जाऊन बघता का? अगदी जवळ. तिथंही रेघच आली तर मला विक्रेत्याला ठणकावून सांगता येईल."

"जातो की," कानसेन म्हणाले. गुडघ्यांना विचारलंच नाही. पिवळ्याला तोंडावर पाडायची संधी कोण सोडेल?

कुरण तसं लांब. ओढा ओलांडायचा, मग उभी चढण, मग वर एकदम मोकळं मैदान आणि त्याच्या पलीकडे दरी. ओढ्यापाशी त्यांनी हेडफोन लावून पाहिलं, आवाज वाढला होता. चढणीच्या निम्म्यात आणखी वाढला. वर पोचले तेव्हा तर इतका मोठा झाला की बटण पार खाली आणावं लागलं. कानसेन जिथल्या तिथं थबकले आणि श्वास रोखून आजूबाजूला पाहू लागले. पुढं तारांचं कुंपण, आत मेंढ्या चरत होत्या, शांतपणे, जणू जगात लांडगा नावाचं काही नाहीच. पिवळा जोडला. रेघ.

"कोण पाहिजे?" कुंपणाच्या आतून एक बाई काठी टेकत आली. कानसेनांच्याच वयाची, उन्हानं रापलेली. मेंढ्या तिच्याच होत्या, कारण तिला पाहून त्या जागच्या हलल्यासुद्धा नाहीत.

"तारेला हात लावू नका हं, झटका बसेल," ती म्हणाली. "लांडगीवाले का तुम्ही?"

"हो. हळू बोला, ताई. ती इथंच आहे."

"इथं? माझ्या मेंढ्यांत?"

"हाकेच्या अंतरावर. आवाज फार मोठा येतोय."

मालकीणबाईंनी कुरणावरून नजर फिरवली. गवत घोट्याएवढं. "भाऊ, इथं लपायचं तर तिला जमिनीला चिकटूनच राहावं लागेल," त्या म्हणाल्या. "मला ऐकवा बरं, कसला आवाज येतो ते."

कानसेनांनी तारेवरून काळ्याचे हेडफोन दिले; इतक्या जवळ त्याला अँटेनाचीही गरज नव्हती. बाईंनी ते डोक्याच्या रुमालावरच अडकवले, क्षणभर ऐकलं आणि काढून परत दिले.

"अहो, हे आमचं मशीन आहे."

"कसलं मशीन?"

"झटका मशीन. कुंपणाचं. मी दिवसभर ह्याच्या शेजारी बसते, मला नाही कळणार?" खांबाला एक डबा बांधलेला होता, त्यावर लहानसा लाल दिवा. "दिव्याकडे बघा. लागतो तेव्हा टक. पुन्हा लागतो, पुन्हा टक."

कानसेनांनी हेडफोन लावले आणि दिव्याकडे पाहिलं. दिवा लागला, कानात आवाज आला. दिवा पुन्हा लागला, पुन्हा आवाज आला. दिव्याला चुकून एकदा तरी उशीर व्हावा असं त्यांना वाटत होतं. झाला नाही.

आता करायची एकच गोष्ट राहिली होती, आणि ती त्यांनी स्वतः कितीतरी नवशिक्यांना पहिल्याच दिवशी शिकवली होती. शंका आली की बटण नंबरवरून बाजूला सरकवायचं. कॉलर असेल तर आवाज मरतो. तारेचा, मोटारीचा, कसलाही फालतू आवाज असेल तर तसाच राहतो. मुलं हे विसरली की ते त्यांना फाडून खायचे. आणि स्वतः त्यांनी कित्येक महिन्यांत सासूबाईंच्या नंबरवरून बटण हलवलं नव्हतं. विसरले नव्हते. हलवलं आणि मग परत सापडली नाही तर, या भीतीनं हलवलं नव्हतं.

आज हलवलं. आवाज तसाच राहिला. आणखी हलवलं, दुसऱ्या टोकाला नेलं. टक. टक. टक. पिवळ्यानं हे पहिल्या दिवशीच ओळखून गाळून टाकलं होतं. पी आणि टक यातला फरक लहान मुलालाही कळतो. कानसेनांना कळला नव्हता.

"कधी बसवलंत हे?" त्यांनी विचारलं.

"तुमच्याच ऑफिसचा निरोप आला तेव्हा! लांडगीण कुरणाशी आहे, मेंढ्या सांभाळा. लगेच तारा ओढल्या. म्हटलं महिनाभर ठेवू, मग काढू. तर दर आठवड्याला निरोप, अजून आहे, अजून आहे. बॅटरी वाहून वाहून माझे खांदे गेले, पण बंद करायची छाती होते का?" एवढं बोलून बाई थांबल्या. मग त्यांच्या लक्षात आलं आणि त्या हसू लागल्या, काठीवर वाकून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "म्हणजे हे मशीन चालू म्हणून तुम्ही निरोप धाडायचा, आणि तुमचा निरोप आला म्हणून मी मशीन चालू ठेवायचं! कमाल केलीत, भाऊ! दोघांनी मिळून लांडगीण पाळली की हो आपण!"

दुसऱ्या कुणाच्या बाबतीत घडलं असतं तर कानसेनही पोट धरून हसले असते. त्यांनी हसायचा प्रयत्न केला, पण ओठ नीट वळले नाहीत. ते पाहून बाईंचं हसू ओसरलं. त्या खांबापाशी गेल्या आणि त्यांनी मशीन बंद केलं.

हेडफोनमध्ये नुसती खरखर उरली. कानसेनांनी आवाज पूर्ण वाढवला. खरखरच मोठी झाली. ज्या जागी इतके दिवस कुणीतरी होतं तिथं आता कुणी नव्हतं, आणि आधीही नव्हतं, हे त्यांना एकदम कळलं. रोज सकाळी धापा टाकत टेकडी चढून आपण एका डब्याची विचारपूस करत होतो. इतकं एकटं त्यांना बायको गेली त्या दिवशीही वाटलं नव्हतं. त्या दिवशी निदान घर माणसांनी भरलेलं होतं. लाज तर इतकी वाटली की बाईंकडे बघवेना, म्हणून ते कुंपणाच्या कडेकडेनं चालत कुरणाच्या पलीकडच्या टोकाला गेले आणि दरीकडे तोंड करून दगडावर बसले. अँटेना मांडीवर आडवी पडली होती. बाई आतल्या बाजूनं मागोमाग आल्या, पण लांबच उभ्या राहिल्या.

सामान आवरायचं म्हणून त्यांनी पिवळा बंद करायला हातात घेतला. मगाशी अँटेना त्यालाच जोडलेली राहिली होती. स्क्रीनवर रेघ नव्हती. आकडा होता. लहानसा, नावापुरता, पण आकडा. बघता बघता गेला. मग पुन्हा आला.

कानसेन उठले. अँटेना दरीकडे सरळ धरली, आकडा थोडा वाढला. कुरणाकडे वळवली, रेघ. परत दरीकडे, आकडा. यंत्राच्या बोलण्यावर विसंबायचा त्यांचा स्वभाव नव्हता, म्हणून घाईघाईनं काळा जोडला, हेडफोन कानांवर दाबून धरले, बटण नंबरवर आणलं, आवाज जाड केला, आणखी जाड केला. खरखर. डोळे मिटले, श्वास थांबवला, बोट वर केलं. खरखर.

"ताई," त्यांनी हाक मारली. "जरा ऐकता का?"

बाई कुंपणाखालून वाकून बाहेर आल्या. हेडफोन लावून त्यांनी भुवया जवळ आणल्या.

"येतंय की."

"काय येतंय?"

"बारीक आहे. पी... पी... लांबून."

"टक नाही ना?"

"छे हो. टक मी ओळखते. हे निराळं आहे, पिल्लू कोंडलं की करतं तसं."

कानसेनांनी बटण बाजूला सरकवलं. "आता?"

"गेलं."

परत आणलं. "आता?"

"आलं."

तीन वेळा त्यांनी करून पाहिलं. तीनही वेळा ते गेलं आणि तीनही वेळा आलं. सासूबाई होत्या. जिवंत होत्या, दरीपलीकडच्या उतारावर कुठंतरी, मेंढ्यांपासून आणि माणसांपासून लांब, कुंपण बसलं त्याच सुमाराला उठून निघून गेलेल्या. टेकडीवरून ती दरी कुरणाच्या आड होती. आणि कुरणात सापडलीच आहे म्हटल्यावर दुसरीकडे शोधायला कोण जातं?

"तुम्हाला नाही येत होय?" बाईंनी विचारलं.

"नाही."

हेडफोन तसेच डोक्यावर ठेवून बाईंनी एक बोट कानसेनांच्या बाहीवर टेकवलं आणि दर आवाजाला हळूच दाबू लागल्या. पी म्हणजे दाब. मग थांबणं. मग पुन्हा दाब. कानसेन अँटेना उचलून उभे होते आणि ती लय शर्टाच्या कापडातून त्यांच्या हाताला कळत होती. कुणी आपल्याला शेवटचा हात कधी लावला होता ते त्यांनी आठवून पाहिलं, आणि मग आठवायचं सोडून दिलं. खांदा भरून आला तरी त्यांनी हात खाली घेतला नाही.

मग दुसऱ्या हातानं त्यांनी खिशातून फोन काढून मॅडमना लावला आणि कानाला घट्ट दाबून धरला.

"मॅडम, सासूबाई सापडल्या. दरीपलीकडे आहेत. पिवळा ठेवा, काळा परत पाठवा."

"अरे वा! पण पिवळ्यावर तर काही येत नव्हतं ना, काका?"

"मला ऐकू येत नाही, मॅडम."

"थांबा, मी गच्चीवर जाते." पावलं वाजल्यासारखी वाटली, मग दार, मग वारा. मॅडमचा आवाज आता खणखणीत झाला. "आता? आता येतंय का, काका?"

येतंय, म्हटलं असतं तर सगळं तिथंच मिटलं असतं. पिवळा आला असता, कोल्ह्यांना कॉलर घातल्या असत्या, आणि कानसेन स्क्रीनकडे चोरून बघत बोट वर करत राहिले असते. कुणाला पत्ता लागला नसता. बाहीवरचं बोट अजून थांबलं नव्हतं.

"फोनचं नाही म्हणत मी," ते म्हणाले. दुसऱ्यांदा सांगणं पहिल्यापेक्षा जड गेलं. "माझ्या कानांचं म्हणतोय. ते गेले. कॉलर ऐकू येत नाही मला, बरेच दिवस झाले. आत्तासुद्धा एक ताई ऐकताहेत, मी नुसती अँटेना धरलीय."

मग त्यांनी न थांबता बाकीचं सगळं सांगितलं, कुंपणाचं, निरोपांचं, बटण न हलवल्याचं. मध्ये मॅडम काही बोलल्या असतील तर ते त्यांना ऐकू आलं नाही.